शाळेची पहिली पायरी आणि मुलाचा आहार

नांदेड व लातूर जिल्ह्यांत जून महिन्यात शाळा उघडतात, तेव्हा अनेक मुले प्रथमच घराबाहेर पंक्तीत जेवावयास बसतात. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून अंगणवाडीत, तर १९९५ सालच्या पोषण आहार योजनेतून प्राथमिक शाळेत आहाराची तरतूद झाली. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी दररोज ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने असे प्रमाण आहे. परंतु वाढलेले अन्न पोटात गेले, तरच त्या प्रमाणास अर्थ.

घरी ज्वारीची भाकरी व वरण खाणारे मूल शाळेतील खिचडी बाजूस सारते, म्हणून त्यास हट्टी ठरविणे योग्य नव्हे. आई दृष्टीआड होते, भोवती अनोळखी चेहरे असतात. भीतीने भूक मंदावते. नवा पदार्थ आवडण्यापूर्वी तो दहा-पंधरा वेळाही समोर यावा लागतो. बळजबरीने नावड मात्र पक्की होते.

यास्तव प्रारंभी थोडेच वाढावे. शिक्षकांनी मुलांसमवेत तेच अन्न खावे. पालकांनी शाळेतील पदार्थ घरीही करावेत आणि जेवणापूर्वी बिस्किटे देऊ नयेत. ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबातील मुलाला ही सवय पुन्हा लावावी लागते, याचे भान असावे. वजन घटू लागल्यास मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करावी.

किती ताटे वाढली याबरोबरच किती रिकामी झाली, हेही पंचायत सदस्यांनी पाहणे अगत्याचे आहे.