ताणाची डोकेदुखी

दिवसभर शिलाई यंत्रावर मान वाकवून बसलेल्या स्त्रीला संध्याकाळी कपाळाभोवती फडके घट्ट आवळल्यासारखे वाटू लागते. डोके दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे होते, मान आणि खांदे ताठरतात. तरीही ती जिना चढू शकते, स्वयंपाक करू शकते. तिला उलटी होत नाही. ही ताणाची डोकेदुखी होय. ती कधी अर्ध्या तासात ओसरते, तर कधी आठवडाभर रेंगाळते. अर्धशिशी निराळी. तीत बहुधा एकच बाजू ठणकते, मळमळते, उजेड सहन होत नाही.

ताण म्हणजे केवळ मनाची काळजी नव्हे. अपुरी झोप, चुकलेले जेवण, वाकलेली मान हाही शरीरावरील ताणच असतो. चाळिशी लागूनही चष्म्यावाचून सुईत दोरा ओवण्याचा हट्ट काहींना सुटत नाही; त्याचीही किंमत डोक्याला मोजावी लागते. अशा वेळी काम थांबवून खांदे वर उचलावे व सैल सोडावे. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल मानेवर दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. सुंठेच्या लेपाने काहींना बरे वाटते. मात्र कातडीची आग होईपर्यंत तो ठेवण्यात अर्थ नाही.

खरा धोका दुकानातून सहज मिळणाऱ्या गोळीत आहे. क्वचित घेतलेली पॅरासिटामॉलची गोळी उपयोगी पडते. परंतु महिन्यातील 15 किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ ती घेत राहिल्यास गोळीमुळेच डोके दुखू लागते. अनेक औषधे एकत्र असलेल्या गोळ्यांच्या बाबतीत 10 दिवसही पुरतात. मग दुखते म्हणून गोळी आणि गोळी म्हणून दुखणे, असे चक्र सुरू होते. सर्दीतापाच्या कित्येक गोळ्यांतही पॅरासिटामॉलच असते. नकळत मात्रा वाढली तर यकृताला इजा होते. म्हणून भिंतीवरील दिनदर्शिकेत दुधाचा हिशेब मांडतात, तशीच गोळीच्या दिवसाची खूण करावी. खुणा वाढल्यास ते पान डॉक्टरांना दाखवावे.

डोके एकाएकी असह्य दुखू लागले, तापासह मान आखडली, बोलणे अडखळले, हातपाय लुळे पडले किंवा डोक्याला मार लागल्यानंतर दुखणे वाढत गेले, तर घरी थांबू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखीही डॉक्टरांकडून तपासून घ्यावी.