मोटरच्या अर्थिंगची तार किती जाड?

प्रश्न : विहिरीवर साडेसात एचपीची थ्री-फेज मोटर आहे. फेजच्या तारा तांब्याच्या, ६ चौ. मिमीच्या. अर्थिंगला दीडची तार पुरेल, असं वायरमन म्हणतो. बरोबर आहे का?

उत्तर : नाही, दीडची तार अजिबात घालू नका. अर्थिंगच्या आयएस ३०४३ या भारतीय मानकाप्रमाणे फेजची तार १६ चौ. मिमीपर्यंत असेल, तर त्याच धातूची अर्थची तारही तेवढीच लागते. म्हणजे तुम्हाला ६. फेज १६ ते ३५ असेल तर अर्थ १६, त्यापुढे निम्मी. शिवाय मोटरच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या हव्यातच. रंग लागलेल्या बोल्टवर तार गुंडाळू नका. पत्रा खरवडून लग घट्ट कसा.

मात्र शेतावर नुसत्या जाड तारेवर विसंबू नका. अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध १० ओहम धरला, तर २३० व्होल्टला जेमतेम २३ अँपिअर वाहतील. त्याने ३२ चा फ्यूज उडणार नाही, बॉडीत करंट तसाच राहील आणि ओल्या पायांनी हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतेल. म्हणून करंट गळताच पुरवठा तोडणारी चार पोलची आरसीसीबी बसवाच, आणि तिचं टेस्टचं बटण दर महिन्याला दाबून पाहा.