पक्क्या शाईचा डाग

पूर्वी भांड्यावर नाव घालायचे, तर नाव कोरणाऱ्याला गाठावे लागे. आता दुकानात मार्कर मिळतो. डब्यावर, पोत्यावर, पाण्याच्या पिंपावर आपण त्याने नाव लिहितो. लग्नघरी दिलेली भांडी नावावरून ओळखून परत आणतो. सोय मोठी आहे.

पण हाच मार्कर पोरांच्या हाती लागला की भिंत, कपाट, ताट, काही सुटत नाही. मग कोणी राखेने घासतो, कोणी रॉकेल ओततो. डाग तसाच राहतो. वस्तूला मात्र चरे पडतात.

असे का होते? ते आधी समजून घेऊ.

या शाईत तीन गोष्टी असतात. एक रंग. दुसरा राळेसारखा चिकट पदार्थ. तिसरे, या दोन्हींना पातळ ठेवणारे स्पिरिटसारखे द्रव. लिहिले की द्रव उडून जाते. रंग आणि राळ मागे चिकटून राहतात. राळ पाण्यात विरघळत नाही. म्हणून घागरभर पाणी ओतले तरी डाग हलायचा नाही. पण त्यावर स्पिरिट लावले, की राळ पुन्हा मऊ होते. काट्याने काटा काढावा, तसे हे आहे.

स्पिरिट आपल्याला नवे नाही. दवाखान्यात सुई टोचण्याआधी दंडाला कापसाने गार गार लावतात, तेच हे. औषधाच्या दुकानात ते मिळते. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा हाताला चोळायचे सॅनिटायझर घरोघरी पोचले. बहुतेक सॅनिटायझरमध्ये अर्ध्याहून जास्त भाग स्पिरिटच असते.

आता हात घालण्याआधी एक गोष्ट नीट ऐका.

स्पिरिट गार का लागते? ते झटकन उडते म्हणून. उडते म्हणजे त्याची वाफ होते. ही वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती हवेपेक्षा जड असते, म्हणून जमिनीलगत पसरते. पेटलेल्या चुलीपर्यंत वाफ पोचली, की भडका उडतो. स्पिरिटची ज्योत उन्हात नीट दिसतही नाही. पदर पेटला तरी चटकन कळत नाही.

म्हणून हे काम चुलीजवळ, गॅसजवळ किंवा देवापुढच्या दिव्याजवळ करू नये. बिडी ओढत तर मुळीच करू नये. दारेखिडक्या उघडाव्यात. काम झाल्यावर कापूस बाहेर मोकळ्या हवेत वाळू द्यावा. तो चुलीत टाकू नये. डाग राहिला तर राहू द्या. भाजलेले अंग पहिल्यासारखे होत नाही.

आता कोणत्या वस्तूवर काय करावे, ते पाहू.

स्टीलचे भांडे, काच, फरशी : कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवा. डागावर थोडा वेळ दाबून धरा. मग पुसा. बोळा काळा झाला की दुसरा घ्या. शेवटी साबणाने धुवा.

प्लॅस्टिक : काही प्लॅस्टिक स्पिरिटने निस्तेज होते. आधी कोपऱ्यात थोडे लावून पाहा.

लाकडी कपाट : लाखेचे पॉलिश स्पिरिटमध्येच विरघळते. तिथे स्पिरिट लावू नका. दात घासायची पांढरी पेस्ट ओल्या फडक्यावर घेऊन हलक्या हाताने चोळा.

चुन्याची भिंत : स्पिरिटने शाई आणखी पसरते. डाग खरवडून काढा, मग चुन्याचा हात द्या. न खरवडता चुना दिला, तर शाई पुन्हा वर येते.

कपडा : डागाखाली जुने फडके ठेवा. उलट्या बाजूने स्पिरिटचा बोळा टिपत जा. घासू नका. मग कपडा धुऊन पूर्ण वाळवा.

अंग : साबणपाणी पुरे. राहिलेला डाग काही दिवसांत आपोआप जातो. पोरांच्या अंगाला रॉकेल लावू नका.

आणखी एक सांगतो. डाग जात नाही म्हणून ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो. तो छातीत गेला, तर जीव धोक्यात येतो.

आता आपल्याला वाचता येते. बाटली उघडण्याआधी तिच्यावरची अक्षरे वाचावीत. ‘ज्वलनशील’ हा शब्द पेट्रोलच्या टँकरवर आपण पाहिला असेल. त्याचा अर्थ, लवकर पेट घेणारे. हा शब्द किंवा ज्योतीचे चित्र दिसले, की विस्तवापासून दूर राहावे. स्पिरिट पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नये. तहानेल्या पोराला त्यातले काय कळणार?

आणि पोराने भिंतीवर ‘अ’ काढला असेल, तर त्याला मारू नका. मार्कर उंचावर ठेवा. त्याच्या हाती पाटी द्या. अक्षर काढायची हौस चांगलीच आहे. तिला जागा आपण दाखवायची.

अभ्यास
१. पाण्याने हा डाग का जात नाही?
२. स्पिरिट चुलीपासून दूर का ठेवावे?
३. ‘ज्वलनशील’ हा शब्द पाच वेळा लिहा. घरातल्या कोणत्या बाटलीवर तो सापडतो, ते पाहा.