दवाखान्याच्या बिलातील इंग्रजी शब्द

रोगाचे नाव इंग्रजी असले तरी डॉक्टर ते मराठीतून समजावून सांगतात. पैशांचे शब्द मात्र सहसा कोणी समजावून देत नाही. रुग्णाला दाखल करण्याची घाई असते, काउंटरवर छापील कागद पुढे येतो आणि नातेवाईक न वाचताच सही करतात. मग डिस्चार्जच्या दिवशी आकडा पाहून डोळे पांढरे होतात. कोणी दागिने गहाण टाकतो, कोणी पेरणीसाठी ठेवलेला पैसा मोडतो, तर कोणी उपचार अर्धवट सोडून रुग्णाला घरी नेतो. हा शेवटचा मार्ग सर्वांत घातक. म्हणून खर्चासंबंधीचे नेहमीचे शब्द आज समजून घेऊ.

एस्टिमेट व पॅकेज : एस्टिमेट म्हणजे केवळ अंदाज. प्रत्यक्ष खर्च त्याहून कमी किंवा जास्त होऊ शकतो. पॅकेज म्हणजे ठराविक उपचारासाठी ठरलेली एकत्रित रक्कम. पॅकेज घेताना इन्क्लुडेड, म्हणजे समाविष्ट काय आणि एक्स्क्लुडेड, म्हणजे वगळलेले काय, हे लेखी घ्यावे. दिवस वाढले तर काय, हेही विचारावे.

डिपॉझिट, इंटरिम बिल, फायनल बिल : डिपॉझिट ही आगाऊ भरलेली रक्कम. ती अंतिम बिलातून वजा झाली पाहिजे आणि उरली तर परत मिळाली पाहिजे. या परतीला रिफंड म्हणतात. इंटरिम बिल हे मधल्या काळातील तात्पुरते बिल. ते रोज मागावे, म्हणजे शेवटी धक्का बसत नाही.

बॅलन्स : हा शब्द फसवा आहे. पासबुकातील बॅलन्स म्हणजे आपली शिल्लक. दवाखान्याच्या बिलातील बॅलन्स म्हणजे बहुधा आपण अजून द्यायची बाकी.

कन्झ्युमेबल्स : हातमोजे, सिरिंज, कापूस यांसारख्या वापरून टाकून द्यायच्या वस्तू. यांतील बऱ्याच वस्तूंचे पैसे अनेक विमा पॉलिसींत मिळत नाहीत.

एमआरपी : सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत. कमाल म्हणजे जास्तीत जास्त. त्याहून कमी दराने विकायला बंदी नाही, अधिक घ्यायला आहे. काही औषधांना व साधनांना सरकारने सीलिंग प्राइस, म्हणजे कमाल दराची मर्यादा घातली आहे. हृदयाच्या स्टेंटला ती फेब्रुवारी 2017 मध्ये आणि गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याला ऑगस्ट 2017 मध्ये लागू झाली.

कॅशलेस व रीइम्बर्समेंट : कॅशलेस म्हणजे फुकट नव्हे. विमा कंपनी मंजूर रक्कम परस्पर रुग्णालयाला देते, उरलेली आपण द्यायची. रीइम्बर्समेंटमध्ये आधी सर्व पैसे आपण भरायचे आणि नंतर कागदपत्रे देऊन परत मिळवायचे. त्यासाठी तपशीलवार बिल आणि पैसे भरल्याची पावती, दोन्ही मूळ प्रती जपून ठेवाव्यात.

को-पेमेंट : मंजूर दाव्यातील आपला हिस्सा. तो 10 टक्के असेल, तर 1 लाखाच्या दाव्यात 10 हजार आपल्या खिशातून जातात.

रूम रेंट लिमिट : खोलीभाड्याची मर्यादा. हा शब्द सर्वांत महागात पडतो. समजा, मर्यादा रोज 3 हजारांची आहे आणि आपण 6 हजारांची खोली 5 दिवस घेतली. भाडे झाले 30 हजार, डॉक्टरांची फी, शस्त्रक्रिया वगैरे 80 हजार आणि औषधे 20 हजार. एकूण 1 लाख 30 हजार. आपल्याला वाटते, फक्त भाड्यातील 15 हजार आपल्याला पडतील. पण पॉलिसीत प्रपोर्शनेट डिडक्शनची, म्हणजे प्रमाणशीर कपातीची अट असेल, तर फी व शस्त्रक्रियेचा खर्चही निम्माच धरतात. विम्याचे 75 हजार मिळतात आणि 55 हजार आपल्या अंगावर येतात! म्हणून खोली निवडण्यापूर्वी पॉलिसी पाहावी.

इंडिजंट व वीकर सेक्शन : अनुक्रमे निर्धन आणि दुर्बल घटकातील रुग्ण. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीच्या दराने राखीव असतात. उत्पन्नाची मर्यादा व लागणारे दाखले रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांकडे विचारावेत. तसेच महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे तेथील आरोग्यमित्राला विचारावे.

हे शब्द कळले तरी विचारायला आपण कचरतो. पण दर विचारणे हा भांडखोरपणा नाही. महाराष्ट्रातील शुश्रूषागृहांच्या नियमांत 2021 मध्ये सुधारणा झाली आणि दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले.

दाखल होताना एवढे चार प्रश्न विचारा : हा अंदाज की ठरलेली रक्कम? यात काय येत नाही? रोजचे बिल मिळेल का? विमा किंवा सरकारी योजना चालेल का? रुग्ण अत्यवस्थ असेल, तर आधी उपचार सुरू होऊ द्या आणि चौकशी घरातल्या दुसऱ्या माणसाने करावी. सही मात्र वाचल्याशिवाय करू नका.