उष्माघात : शेतावर करावयाचा पहिला उपचार

वैशाखात विदर्भ, मराठवाडा व खानदेश या भागांत दुपारचे उष्णतामान ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. याच दिवसांत मृगापूर्वीची नांगरट, धसकटे वेचणे, शेणखत पसरणे ही कामे उरकावयाची असतात. यास्तव उष्माघाताचा धोका शेतकरी व शेतमजूर यांस विशेष असतो. हा विकार प्राणघातक असला तरी टाळता येण्याजोगा आहे. आणि तो झालाच, तर पहिल्या अर्ध्या तासात काय केले जाते यावर रोग्याचे प्राण पुष्कळदा अवलंबून असतात.

उष्माघात का होतो ?

निरोगी माणसाच्या शरीराचे उष्णतामान सुमारे ३७ अंश असते. कष्टाचे काम करताना स्नायूंत उष्णता उत्पन्न होते व घाम वाळताना ती बाहेर टाकली जाते. झिरपणाऱ्या पाण्याची वाफ होऊन माठ थंड राहतो, तसाच हा प्रकार होय. शरीरात पाणी कमी पडले तर घाम पुरेसा येत नाही. हवा दमट असली तर आलेला घाम वाळत नाही. म्हणूनच उष्णतेच्या लाटेसाठी हवामान खाते सपाट प्रदेशात किमान ४० अंशांची मर्यादा धरते, तर किनारपट्टीवर ३७ अंशांची.

लक्षणे

प्रथम थकवा, डोकेदुखी, चक्कर, मळमळ व पायांत गोळे येणे ही चिन्हे दिसतात. या वेळी काम थांबवून सावलीत विश्रांती घेतल्यास व पाणी प्यायल्यास बहुधा आराम पडतो. दुर्लक्ष झाल्यास शरीराचे उष्णतामान ४० अंशांवर जाते. रोगी असंबद्ध बोलू लागतो, त्याचा तोल जातो, झटके येतात किंवा शुद्ध हरपते. हाच उष्माघात. कष्ट करणाऱ्या माणसास या अवस्थेतही घाम येत असू शकतो. म्हणून अंग ओले आहे एवढ्यावरून निश्चिंत राहू नये.

उपचार

रोग्यास तत्काळ सावलीत न्यावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वाहनाची वाट पाहत बसू नये. अंगावरील जाड कपडे काढावेत, विहिरीचे वा पंपाचे पाणी सर्वांगावर सतत ओतावे आणि उपरण्याने जोराने वारा घालावा. काख, मान व जांघ येथे ओली फडकी ठेवावीत. वाटेतही हा उपचार चालू ठेवावा. शुद्धीवर नसलेल्या रोग्यास पाणी पाजू नये. ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. तापाच्या गोळ्यांचा येथे उपयोग होत नाही. खिशात कांदा ठेवल्यानेही शरीर थंड होत नाही.

प्रतिबंध

१. जड कामे सकाळी १० पूर्वी व दुपारी ४ नंतर करावीत.

२. दर २० मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. तहान लागण्याची वाट पाहू नये. घागर बांधावर न ठेवता काम चालू असेल तेथे ठेवावी. आडोशाची सोय नसल्यास स्त्रिया पाणी पिण्याचे टाळतात. ती सोय मालकाने करावी.

३. ताक, पन्हे, लिंबाचे सरबत घ्यावे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून केलेले पेयही उत्तम. मद्य वर्ज्य करावे.

४. डोके व मान सुती कापडाने झाकावी.

५. उन्हाची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. नव्या मजुरास आरंभी थोडेच काम द्यावे.

६. दोघादोघांनी जोडीने काम करावे. उष्माघात होऊ लागलेल्या माणसास आपली स्थिती कळत नाही. ती सोबत्यास कळते.

उक्ते काम घेतलेला मजूर मजुरी बुडेल या भीतीने विश्रांती घेत नाही. अशा वेळी दुपारची सुटी मालकानेच ठरवून द्यावी. बुडालेले चार तासांचे काम दुसऱ्या दिवशी भरून काढता येते. गेलेला कर्ता माणूस घराला परत मिळत नाही.