“दात कशाने घासता?” : आरोग्य शिबिरात विचारायचा एक प्रश्न



आंबेगाव तालुक्यातील वाड्यांवर शिबिरासाठी जाणाऱ्या काही स्वयंसेवकांनी विचारले होते, “आमच्यासोबत दंतवैद्य नसतो. मग दातांसाठी आम्हाला काही करता येईल का?” त्यांच्यासाठी आणि त्यांच्या पाठीशी उभ्या असलेल्या तुम्हा सर्वांसाठी हा पाठ लिहीत आहे. मीही दंतवैद्य नाही. खराडीत अनेक वर्षे साधा दवाखाना चालवलेली डॉक्टर आहे. पाठाची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

खराडीत आयटी पार्कच्या इमारती उभ्या राहत होत्या, तेव्हा बांधकामावरचे मजूर माझ्याकडे येत. त्यांत एका ठाकरवाडीतून आलेली एक तरुणी होती. तिच्या दुसऱ्या बाळंतपणाआधीच्या तपासण्या माझ्याकडे झाल्या, पुढे मुलांच्या तापाखोकल्यासाठीही ती येत राहिली. तिच्या कार्डावर वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन सारे नीट लिहिलेले होते. “तंबाखू खातेस का?” या प्रश्नापुढे मी “नाही” अशी नोंद केली होती.

चौथ्या वर्षी ती म्हणाली, “तिखट लागलं की तोंड पेटतं, बाई.” तोंड आले असेल असे समजून मी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. महिन्याने ती पुन्हा आली, मी पुन्हा त्याच दिल्या. तिसऱ्या वेळी मात्र बॅटरी घेऊन तोंडात पाहिले. खालच्या हिरडीजवळ गालाच्या आतून जाड पांढरा चट्टा होता आणि त्याच्या मधोमध कडक काठाची जखम.

“दात कशाने घासतेस गं?”

“मशेरीनं. सकाळ-संध्याकाळ. कधी दुपारी पण.”

“मग तंबाखू नाही म्हणाली होतीस ना?”

“तंबाखू कुठं खाते बाई? दात घासते.”

ती खोटे बोलली नव्हती. तव्यावर काळा होईपर्यंत भाजून कुटलेला तंबाखू म्हणजे मशेरी. पण तिच्या घरी आजीपासून सगळ्या बायका त्याने दात घासत आल्या होत्या. तिच्या लेखी ते व्यसन नव्हते, ती स्वच्छता होती. प्रश्न मी चुकीचा विचारला होता, आणि तोंडात तर पाहिलेच नव्हते.

कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, जबड्याचा काही भाग काढावा लागला. ती वाचली. आज गावी आहे, भाकरी दुधात कुस्करून खाते. चार वर्षांत ती कितीतरी वेळा माझ्यासमोर बसली होती. पहिल्याच वर्षी दोन मिनिटे दिली असती, तर तो चट्टा कदाचित चट्टा असतानाच सापडला असता.

वेगळी फेरी नको, आहे तीच भेट पुरे

या पाठाचे सार एवढेच आहे: माणूस ज्याच्यापुढे आधीच येतो, त्यानेच तोंडात पाहावे. वाडीवरचा माणूस दातासाठी सहसा तेव्हाच तालुक्याला जातो, जेव्हा रात्रभर झोप लागत नाही. त्या दिवशीची मजुरी बुडते, एसटीचे भाडे जाते, आणि तोवर दात काढण्याखेरीज फारसे काही उरत नाही. पण तीच आई लसीकरणाला येते, तोच बाप रक्तदाब मोजायला येतो.

सरकारी आरोग्यव्यवस्थेनेही हे ओळखले आहे. आदिवासी भागात साधारण ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि २०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमध्ये झाली. त्यात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी ठरलेली आहे, आणि तपासायच्या आजारांच्या यादीत दातही आहेत. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे होऊ लागली, तेव्हा मौखिक आरोग्य तेथील सेवांत धरले गेले. आशाताई तिशीच्या पुढील माणसांचा जो तपासणी अर्ज भरतात, त्यात तोंड उघडायला त्रास, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा यांची विचारणा असते.

म्हणजे चौकट तयार आहे. आपण वेगळी व्यवस्था उभारायची नाही. जी आहे तिच्या हाताला हात लावायचा आहे.

१. लसीकरणाच्या दिवशी ओठ उचला

पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो. गोवर-रुबेलाच्या लसीसाठी बाळ नवव्या महिन्यात येते, तेव्हा बहुतेकांचे पुढचे दात दिसू लागलेले असतात. आईच्या मांडीवरच बाळाचा वरचा ओठ अलगद उचला. हिरडीलगत दातावर खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर ती कीड लागण्याची सुरुवात असते. या टप्प्यावर ती थांबवता येते, खड्डा पडल्यावर नाही. दीड वर्षाच्या बूस्टरला पुन्हा पाहा.

पाच वर्षांच्या लसीला तिसऱ्यांदा पाहा. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दातांमागे पहिली कायमची दाढ येते. दुधाचा दात न पडता ती मागे नव्याने उगवते, म्हणून “पडणारच आहे” असे समजून घरचे तिच्याकडे लक्ष देत नाहीत. ती मात्र जन्मभरासाठी असते.

आईला तीन गोष्टी सांगा. रात्री झोपण्यापूर्वी दात घासायचेच. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि सहापर्यंत वाटाण्याएवढी. आणि चहात बुडवलेले बिस्किट दिवसभर हातात नको, जेवणासोबत दिले तर कमी नुकसान होते.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात २००० सालाच्या सुमारास गरीब घरांतील लहानग्यांच्या दातांना फ्लोराइडचा लेप लावण्याचे काम बालरोग दवाखान्यांतील डॉक्टर आणि परिचारिकांकडे दिले गेले. मुले दंतवैद्याकडे पोहोचत नव्हती, पण लसीसाठी डॉक्टरकडे येत होती. अडचण आपल्या वाड्यांवरचीच होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडची पेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

एक सावधगिरी. यवतमाळ, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथे दातांवरचे तपकिरी डाग म्हणजे अस्वच्छता नव्हे. अशा मुलाला रागावू नका. पिण्याच्या पाण्याची तपासणी करून घ्या.

२. गरोदर बहिणीच्या हिरड्या पाहा

गरोदरपणात हिरड्या सुजतात, त्यातून रक्त येते. मग ती बहीण घासणेच सोडते आणि त्रास वाढतो. “रक्त आले तरी मऊ ब्रशने घास” हे तिला कोणीतरी सांगावे लागते. या काळात दातांवर उपचार चालत नाहीत हा गैरसमज आहे. चौथा ते सहावा महिना त्यासाठी सोयीचा असतो. दंतवैद्याला गरोदर असल्याचे आधी सांगायचे, एवढेच.

३. तिशीनंतर प्रत्येकाचे तोंड

साखर तपासताना हिरड्याही पाहा. मधुमेहामुळे हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांच्या जंतुसंसर्गामुळे साखर आटोक्यात राहणे अवघड होते. नंतर हात धुऊन, बॅटरीच्या उजेडात क्रमाने पाहा: ओठांच्या आतून, दोन्ही गाल, हिरड्या, जिभेच्या कडा, जिभेखाली, टाळू. शेवटी त्या माणसाला स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगा. ती जात नसतील तर नोंद करा.

आणि प्रश्न विचारताना “तंबाखू खाता का?” एवढ्यावर थांबू नका. “दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा?” असे विचारा. मशेरी, तपकीर, तंबाखूची पेस्ट यातूनच कळते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण मशेरी घरच्या तव्यावर तयार होते.

४. चिठ्ठीवर काम संपत नाही

दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पुसून न जाणारा चट्टा, न उघडणारे तोंड यांपैकी काहीही दिसले तर त्या माणसाला पुढे पाठवा. पण नुसती चिठ्ठी देऊ नका. कोणत्या दिवशी, कोणासोबत, कोणत्या गाडीने जायचे ते तिथेच ठरवा. आशाताईंना नाव कळवा. पुढच्या महिन्यात तेच नाव घेऊन विचारा, “जाऊन आलात का?”

आपण काय देऊ शकतो?

वर्षातून एकदा ब्रश वाटून फोटो काढणे सोपे आहे. ब्रश तीन महिन्यांत झिजतो, पेस्ट त्याआधी संपते. त्यापेक्षा एका आश्रमशाळेला वर्षभर पेस्ट पुरवण्याचे, किंवा एका वाडीतील रुग्णांसोबत मंचर-घोडेगावपर्यंत जाण्याचे वचन एखाद्या मंडळीने द्यावे. ज्यांना जाता येत नाही, त्यांनी एसटीच्या भाड्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा भार उचलावा. अनेकदा उपचार मोफत असतात आणि अडते ते या दोन गोष्टींवर.

गटचर्चेसाठी

१. आपल्या शिबिरात आज कोणकोणत्या तपासण्या होतात? त्यांपैकी कोणत्या तपासणीसोबत तोंड पाहता येईल?
२. आपल्या घरी कामाला येणाऱ्या ताईंना, इमारतीच्या सुरक्षारक्षकाला आपण हा प्रश्न कधी विचारला आहे का?
३. मशेरी सोडायला सांगताना त्या बहिणीला कमीपणा वाटू नये म्हणून आपण कोणते शब्द वापरू?

तिसऱ्या प्रश्नावर जरा जास्त वेळ द्या. गेल्या खेपेस मी त्या ठाकरवाडीत गेले, तेव्हा तिच्या मुलीने ब्रश दाखवला. आजीची मशेरीची डबी अजून चुलीजवळच आहे. आजीला कोणी रागावलेले नाही. तिच्या शेजारी बसून आम्ही तोंड पाहतो, दर खेपेला.