धारोष्ण दूध मुलाला द्यावं का?

प्रश्न : माझे सासरे रोज सकाळी आमच्या सहा वर्षांच्या मुलाला गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर नेतात आणि म्हशीचं धारोष्ण दूध पाजतात. ते तालमीत वाढलेले. 'उकळलं की दुधातला कस जातो,' म्हणतात. काय करू? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : डोळ्यांदेखत धार काढलेल्या दुधात पाणी नसतं, हे मान्य. पण पाणी नसणं वेगळं आणि जंतू नसणं वेगळं. म्हैस वरून धडधाकट दिसली तरी तिच्या दुधातून ब्रुसेला किंवा क्षयाचे जंतू येऊ शकतात. शिवाय कासेला लागलेलं शेण आणि धार काढणाऱ्याचे हात आहेतच. ब्रुसेलाचा ताप चढतो-उतरतो, घाम फुटतो, सांधे दुखतात आणि कैकदा तो टायफॉइड वाटतो. मुलाचा ताप असा रेंगाळला, तर डॉक्टरांना कच्च्या दुधाचं आवर्जून सांगा.

कस जातो म्हणाल, तर प्रथिनं आणि कॅल्शियम उकळल्यावरही राहतात. काही ब जीवनसत्त्वं थोडी घटतात, एवढंच. पाश्चरीकरणात ७२ अंशांवर १५ सेकंद पुरतात. घरी एक चांगली उकळी आली की झालं, तासभर आटवायची गरज नाही.

सासऱ्यांशी वाद नको. आजोबा-नातू कट्ट्यावर जाऊ देत, फक्त दूध किटलीतून घरी येऊ दे. लगेच उकळा, गार करून फ्रिजमध्ये ठेवा. घरात कुणी गरोदर असेल तर तिला कच्चं दूध अजिबात देऊ नका. आणि नातवाला फेसच हवा असेल, तर उकळून कोमट केलेलं दूध दोन पेल्यांत उंचावरून ओता.